रेवणप्पाला कोणी सांगायचे

सिस्टर,

तुम्ही मंगळवारी गेलात. गुरुवारी दुपारी तीन वाजता नेहमीप्रमाणे बैठक झाली. ती रद्द करावी, असे माझ्या जागी आलेल्या डॉ. केतकी यांनी सुचवले होते. मी नकार दिला. निवृत्त माणसाला नकार देण्याचा अधिकार नसतो, पण या मनोरुग्णालयात ते मला अद्याप कोणी सांगितलेले नाही. शिवाय तुमच्यामुळे बैठक रद्द झाली असती, तर त्याबद्दल तुम्ही मला पुढची दोन वर्षे ऐकवले असते. तुम्ही नाही, एवढ्या कारणाने मी धोका पत्करणार नव्हतो.

शोकप्रस्ताव झाला नाही. दोन मिनिटे शांतता पाळण्याचा प्रयत्न झाला. पहिले मिनिट संपण्यापूर्वी आपले परिचर रशीदभाई इतक्या मोठ्याने शिंकले की खिडकीवरचे कबूतर उडाले, आणि नंतर कोणालाच हसू आवरेना. मी गंभीर राहिलो. खायला कडक भाकरी होती. शेंगाची चटणी बाजारातली होती आणि तिच्यात लसूण कमी होता. तुमच्या हातची चटणी आम्ही तीस वर्षे फुकट खाल्ली आणि तिखट झाली म्हणून तक्रार केली, हे त्या वेळी सर्वांच्याच लक्षात आले असावे.

बैठकीपुढे विषय एकच होता: रेवणप्पाला कोणी सांगायचे.

महिन्याचा पहिला शनिवार दोन दिवसांवर आला होता. निवृत्त झाल्यापासून प्रत्येक पहिल्या शनिवारी तुम्ही त्याला भेटायला वॉर्डात येत होतात. त्या सकाळी तो स्वतः मागून दाढी करून घेतो, धुतलेला सदरा घालतो आणि फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसतो. डॉ. केतकी म्हणाल्या, "सर, त्याला मोठा धक्का बसेल. आत्ता त्याला, सिस्टर मुलाकडे हैदराबादला गेल्या आहेत, असं सांगू. पुढे हळूहळू." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या माना मी ओळखतो. माणूस जबाबदारीतून सुटतो तेव्हा त्या तशा डोलतात.

मला तुमच्याशी चाललेला, अर्धवट राहिलेला वाद आठवत होता. तो येथे पुरा करतो. तुम्हांला मध्ये बोलता येणार नाही, ही सोय मला यापूर्वी कधी मिळाली नव्हती.

ही गुरुवारची बैठक मी सुरू केली, असे मी आजवर सर्वांना सांगत आलो. ते अर्धे खरे आहे. मी तेव्हा मुंबईत मनोविश्लेषणाचे थोडे शिक्षण घेऊन सोलापुरात परतलो होतो. रुग्ण आपली जुनी नाती बरोबर घेऊन वॉर्डात येतो आणि ती आपल्यासारख्या कर्मचाऱ्यांच्या अंगावर चढवतो. एखाद्या परिचारिकेत त्याला आई दिसते, एखाद्या परिचरात मारकुटा काका. हे मी शिकलो होतो. आपणही रुग्णाच्या बाबतीत नेमके हेच करतो, हेही त्याच पुस्तकात पुढच्या प्रकरणात होते. ते प्रकरण मी इतरांसाठी राखून ठेवले होते.

नियम मी फळ्यावर लिहिला. या आठवड्यात आपल्याला कोणत्या रुग्णाचा राग आला, ते प्रत्येकाने सांगायचे. बोलणाऱ्याला कोणी उपदेश करायचा नाही. पहिले तीन गुरुवार कोणालाच राग आला नाही. सर्व कर्मचाऱ्यांचे सर्व रुग्णांवर प्रेम होते. तीस खाटांच्या वॉर्डात इतके प्रेम मी कोठेही पाहिलेले नाही. चौथ्या गुरुवारी तुम्ही पदराने हात पुसत म्हणालात, "सर, मला त्या बायकांकडच्या खिडकीपाशी असतात त्या बाईंचा लई राग येतो. माझ्या सासूसारखं जेवतात."

"म्हणजे कसे?"

"दोन घास खायचं आणि ताट सरकवायचं. मग माझ्याकडं बघायचं. मी त्यांना रोज सगळ्यात शेवटी वाढते. मुद्दाम करत न्हाई. हात तिकडं जातच न्हाई."

त्यावर रशीदभाई म्हणाले, "सिस्टर, मैं तो एक को रोज थंडी चाय देतूं. आज समझा कायकू." आणि बांध फुटला. त्या दिवशी सहा वाजेपर्यंत कोणी उठले नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या बाईंना तुम्ही सर्वांत आधी वाढले, आणि त्यांनी ताट सरकवले. तुम्ही मला येऊन सांगितलेत, "सरकवलं, पण आज मला सासू दिसली न्हाई. नुसती बाईच दिसली." मी शिकून आलो होतो ते हेच होते. मला ते सांगायला चार पाने लागली असती.

बैठकीला मीही बसत असे. ऐकत असे, टिपणे घेत असे. डॉक्टरांना कोणाचाही राग येत नाही, हे गृहीत होते. गृहीत मीच धरले होते.

रेवणप्पा तेव्हा तिशीत होता. अक्कलकोटपलीकडच्या गावचा, किराणा दुकानदाराचा मुलगा. निम्मे कानडीत बोलणारा, निम्मे मराठीत. आजाराने त्याचे पुष्कळ नेले होते, नकला करण्याची कला तेवढी ठेवली होती. मी फेरीला आलो की तो हात मागे बांधून, हनुवटी वर करून, एक खांदा पाडून माझ्यामागे चालू लागे आणि पुकारा करी, "मास्तर आले रे, वह्या काढा." वॉर्ड हसे. मी त्याच्या औषधाची मात्रा वाढवली. कारण लिहिले: अस्वस्थता, चेष्टेखोर वर्तन. पंधरा दिवसांनी पुन्हा वाढवली. त्याचे हात थरथरू लागले, कप धरवेना, आणि नक्कल बंद झाली. उपचार लागू पडला, असे मी मानले.

त्यानंतरच्या गुरुवारी तुमची पाळी आली.

"ह्या आठवड्यात मला कोणाचा राग आला, सांगू का सर?"

"सांगा."

"तुमचा."

रशीदभाई छताकडे पाहू लागले. मी म्हणालो, "सिस्टर, येथे रुग्णांविषयी बोलायचे ठरले आहे."

"रुग्णाचंच बोलते की. रेवणप्पाला तुमचा राग येत न्हाई. त्याला तुमची मजा वाटते. राग येतो तुम्हाला. मग गोळी त्यालाच का?"

"मग कोणी घ्यायची?" मी विचारले. तो प्रश्न नव्हता. वाद संपवण्याची ती माझी पद्धत होती.

तुम्ही शांतपणे विचार केलात. "अर्धी अर्धी घ्या," म्हणालात.

मी बैठक बरखास्त केली. पुढचे चार दिवस तुमच्याशी बोललो नाही; सूचना चिठ्ठ्यांवर लिहून पाठवल्या. तुम्ही त्या चिठ्ठ्या वॉर्डाच्या मधोमध उभ्या राहून मोठ्याने वाचत होतात. "सर म्हणतायत, चौदा नंबरची चादर बदला." "सर म्हणतायत, सिस्टरांनी चिठ्ठ्या मोठ्याने वाचू नयेत." मी शेजारच्या खोलीत असे. मला सर्व ऐकू येत असे, हे तुम्हांला माहीत होते.

पाचव्या दिवशी मी रेवणप्पाची मात्रा पूर्ववत केली. कोणाला सांगितले नाही. दुपारी तुम्ही चहाचे दोन कप घेऊन माझ्या खोलीत आलात, दार लोटलेत आणि न विचारता बसलात.

"मास्तर म्हटलं की तुम्हाला एवढं का लागतं? शिवी तर न्हाई ती."

मी सांगितले. माझे वडील बार्शीला शाळामास्तर होते. त्यांचा एक खांदा पडलेला होता. ते बाजारातून चालू लागले की विद्यार्थी मागून त्यांच्यासारखे चालत, आणि दुकानदार हसत. वडिलांना ते माहीत होते. त्यांनी कधी मागे वळून पाहिले नाही. मी त्यांचा हात धरून चालत असे. मीही पाहिले नाही. ही गोष्ट मी तोवर कोणाला सांगितली नव्हती. माझ्या पत्नीलाही नाही.

तुम्ही "हां" म्हणालात आणि स्वतःच्या कपातला थोडा चहा माझ्या कपात ओतलात. कप रिकामा झाल्यावर विचारलेत, "मग ह्यातलं रेवणप्पाला काय माहीत?"

"काहीच नाही."

"तेच म्हणते मी."

पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा माझी नक्कल केली. हात स्थिर होते, त्यामुळे ती उत्तम साधली. मी प्रथमच मागे वळून पाहिले आणि म्हणालो, "खांदा आणखी थोडा खाली." वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. माझ्या नोकरीत मला टाळ्या मिळाल्याचा तो एकमेव प्रसंग. तुम्ही त्या वेळी इंजेक्शनांचा ट्रे हातात घेऊन दारात उभ्या होतात आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिलात.

इतके झाल्यावर माणसाने शहाणे व्हावे. मी झालो नाही. आपला मोठा वाद त्यानंतरचाच.

रेवणप्पा तुम्हांला अव्वा म्हणू लागला. कानडीत आईला म्हणतात ते. मी आक्षेप घेतला. तुम्ही त्याच्या आई नाही, त्याला तसे स्पष्ट सांगा, असे मी म्हणालो. परिचारिकेने अंतर राखले पाहिजे. ज्या दिवशी तुम्ही नसाल त्या दिवशी तो कोसळेल.

"त्याला माहीत हाय की मी त्याची आई न्हाई," तुम्ही म्हणालात. "आजारी हाय तो, खुळा न्हाई."

"मग म्हणतो कशाला?"

"तुमी त्याचे मास्तर हाय का? तरी झालाच की. म्हणून झाल्यावर मनावरचं उतरतं जरा."

"आणि कोसळला तर?"

"कोसळू दे. पण सांगून कोसळू दे."

या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला तुम्ही निवृत्त होताना कळला. आपल्याकडे रीत अशी होती की बदली किंवा निवृत्ती असली की कर्मचारी शेवटच्या दिवशी मागच्या दाराने निघून जात. रुग्णांना त्रास नको, असे आम्ही म्हणत असू. तुम्ही तीन महिने आधी रेवणप्पाजवळ बसलात आणि त्याला तारीख सांगितलीत. त्याने आमटीसकट ताट भिंतीवर फेकले.

तुम्ही त्याचे जुने कागद वाचले होते. मीही वाचले होते, पण तुम्ही लक्षात ठेवले होते. तो शाळकरी असताना त्याची आई वारली, तेव्हा घरच्यांनी त्याला सांगितले की ती मावशीकडे विजापूरला गेली आहे. तो आठ दिवस एसटी थांब्यावर जाऊन बसत होता. नवव्या दिवशी खरे काय ते त्याला कोणा दुसऱ्याच मुलाने सांगितले.

ताट फेकल्यावर तीन आठवडे त्याने तुमच्या हातची गोळी घेतली नाही. तुम्ही रोज त्याच वेळेला त्याच्या खाटेपाशी जाऊन उभ्या राहत होतात आणि तो कानडीत शिव्या देत होता. मी तुम्हांला ते थांबवायला सांगितले. ते वैद्यकीयदृष्ट्या अनावश्यक आहे, असे म्हणालो.

"आज काय म्हणाला?" मी एकदा विचारले.

"कालचंच. नवीन येत न्हाईत त्याला. मीच दोन शिकवाव्या म्हणते."

"मग जाता कशाला?"

"एवढं बोलल्यावर ही बाई उद्या येते का, ते बघतोय तो. आली की पुन्हा बघतोय. बघू दे की."

बाविसाव्या दिवशी त्याने गोळी घेतली आणि विचारले, "मग चटणी कोण आणणार?" तुम्ही म्हणालात, पहिल्या शनिवारी मी. निरोपाच्या दिवशी तो फाटकापर्यंत तुमची पिशवी घेऊन आला. कोसळला नाही. मी खिडकीतून पाहत होतो. त्याने कोसळावे, असे मला थोडे वाटत होते, हे मी त्या गुरुवारी बैठकीत सांगायला हवे होते. सांगितले नाही.

गेल्या महिन्यात तुम्हांला दवाखान्यात ठेवले होते, तेव्हा मी भेटायला आलो. विश्रांती घ्या, म्हणालो. तुम्ही म्हणालात, "हे तुमी चिडल्यावर म्हणता." मग तुम्ही विचारलेत, "सर, खरं सांगा. रेवणप्पाच्या बाबतीत कोण बरोबर होतं?"

मी म्हणालो, "प्रश्न अद्याप खुला आहे."

तुम्ही इतक्या हसलात की यंत्राने शीळ घातली आणि तेथली सिस्टर धावत आली. आपले शेवटचे बोलणे तेच. प्रश्न खुला नव्हता, सिस्टर.

तर, गुरुवारची बैठक. हैदराबादचा प्रस्ताव संमत होत आला होता. मी डॉ. केतकींना विजापूरची गोष्ट सांगितली. त्या हुशार आहेत. त्यांचा चेहरा लगेच उतरला. मग मी सर्वांना विचारले, "आपण घाबरतो आहोत ते त्याला काय होईल म्हणून, की त्याच्यासमोर आपल्याला काय होईल म्हणून?"

रशीदभाई म्हणाले, "दोनो, साब. मेरे कू बोलो तो मैं बोलतूं उसको. लेकिन मैं रोऊंगा."

रुग्णासमोर कर्मचाऱ्याने रडावे की नाही, यावर पाऊण तास चर्चा झाली. उत्तम चर्चा होती. तुम्ही ती दोन मिनिटांत मोडली असती. अखेरीस मी म्हणालो, मी सांगतो.

डॉ. केतकींना आश्चर्य लपवता आले नाही. "सर, तुम्ही? तुम्ही कसं सांगाल?"

"एका वाक्यात," मी म्हणालो.

शनिवारी नऊ वाजता गेलो. तो बाकावर होता. साठीचा झाला आहे आता. दाढी केलेल्या गालावर एक बारीक काप होता. मला पाहून हसला. "आज मास्तर? अव्वा कुठाय?"

मी त्याच्या शेजारी बसलो. "नरसम्मा सिस्टर मंगळवारी वारल्या. हृदय बंद पडले. आता त्या येणार नाहीत." तीन वाक्ये झाली.

"खोटं."

"नाही."

"गावाला गेली म्हणा."

"गावाला गेल्या नाहीत, रेवणप्पा. मेल्या."

तो उठला. कडुनिंबापर्यंत गेला, परत आला, बाकाला लाथ मारली, आणि मग कानडीत सुरू झाला. मला कानडी येत नाही. काही शब्द मात्र तीस वर्षांत तुमच्या कृपेने ओळखीचे झाले आहेत. दारात डॉ. केतकी इंजेक्शन घेऊन उभ्या होत्या; मी हात वर करून त्यांना थांबवले. त्याचा माझ्यावर राग होता आणि तो माझ्यावरच निघायला हवा होता. मी बसून राहिलो. कठीण आहे, सिस्टर. तुम्ही ते एकवीस दिवस उभ्याने केलेत.

अर्ध्या तासाने तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"पोचवायला कोण होतं?"

"त्यांची मुले होती. मी होतो. रशीदभाई होते."

"मला न्हाई नेलं."

"नाही नेले. चूक झाली."

हे दोन शब्द मी या रुग्णालयात प्रथमच उच्चारले. ऐकायला तुम्ही हव्या होतात. पण ज्याला सांगायचे होते, त्याने ऐकले. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

"तुमी रडला का, मास्तर?"

"नाही."

"अजिबात न्हाई?"

"नाही. मला येत नाही."

त्याने यावर विचार केला. मग बाकावरून थोडा सरकून माझ्याजवळ आला आणि समजुतीच्या आवाजात म्हणाला, "मग बसा की जरा. घाई करू नका. येतंय."

मी बसलो. जेवणाची घंटा झाली. तो उठला नाही, म्हणून मीही उठलो नाही. आले की नाही, ते तुम्हांला कळवण्याची आवश्यकता मला वाटत नाही.